पहिला नको

शुगर लँड, टेक्सस
१९ ऑक्टोबर २००८, रविवार

चि. उत्तरा हिस अक्काचे अनेक आशीर्वाद.

कागदाच्या वर 'श्री' घातलेला नाही, तो विसरून नव्हे. वर्ष सरेपर्यंत घालत नाहीत की तेराव्यानंतर चालतो, हे इथे कुणाला विचारावं कळेना, म्हणून जागा तेवढी मोकळी सोडली आहे. चालत असेल तर तूच घालून घे.

तुमच्याकडे सगळे बरे असाल. अनिलरावांचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, गच्चीवर जायचं काम पोरांना सांगा. मिरजेत आता थंडी पडू लागली असेल. इथे अजून घामच आहे.

मी ठीक आहे. वेळेवर जेवते, झोपही लागते. झोप लागते याची खरं तर लाज वाटते, पण लागते. दगड पाण्यात पडावा तशी जाते आणि सकाळी तशीच वर येते. भात मात्र अजून दोघांचाच होतो. वाटी डब्यात आपोआप दोनदा बुडते. उरलेला दुसऱ्या दिवशी फोडणीचा करते, तोही उरतो.

वादळात गेलेली वीज कधीच परत आली. रस्त्याच्या कडेला अजून ढीग आहेत. मोडकी कुंपणं, भिजलेले गालिचे, गाद्या, फुगलेली कपाटं. ट्रक येऊन उचलून नेतो आणि चार दिवसांत लोक तेवढंच परत आणून टाकतात. माणसांच्या घरात ओलं सामान किती असतं, ते बाहेर आल्यावरच कळतं.

यतीन बेलव्ह्यूला परत गेला. रोज संध्याकाळी फोन करतो. "आई, ते घर विकून टाकू, तू इकडे ये." मी "बघू" म्हणते. मग विचारतो गॅस बंद केलास का, मागचं दार लावलंस का. उंटावरून शेळ्या हाकतो बिचारा, दुसरं काय करणार? इथे होता तेव्हा बापाचं सगळं नीट केलं त्याने. देवळातल्या गुरुजींनी सांगितलं तसं, एक शब्द न चुकता. फक्त मागच्या अंगणातली शिडी त्याने हलवली नाही. मीही नाही. भिंतीला टेकून होती तशीच उभी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची, म्हणून मी त्या खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि दिवसाढवळ्या दिवा लावून भांडी घासायला लागले.

तू फोनवर दोन गोष्टी विचारल्यास. एक, "अक्का, भावजी या वयात छपरावर चढलेच कशाला गं? तिकडे माणसं मिळत नाहीत का?" आणि दुसरी, "मी येऊ का?" पहिलीला मी म्हटलं, "काय सांगू आता," आणि तू रडायला लागलीस म्हणून सुटले. दुसरीला म्हटलं, "नको गं, कशाला उगाच एवढ्या लांब." तू म्हणालीस, "बरं." झालं बोलणं.

फोनवर तू रडतेस आणि मी इकडे नुसती हूं हूं करते, जसं काही शेजारणीच्या घरचं ऐकते आहे. म्हणून हा कागद घेतला. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसले आहे, पण ते सरळ येत नाही. येईल तसं वाच.

आमच्या वस्तीत एक सेवा क्लब आहे, पेकन बेंड नेबर्स क्लब म्हणून. बरीचशी निवृत्त मंडळी. एरवी नाताळात खेळणी गोळा करायची, शाळेपुढे झाडं लावायची, असलं काहीबाही. सगळे पिवळे टी-शर्ट घालतात. ह्यांनी त्यांचं नाव 'हळदीकुंकू मंडळ' ठेवलं होतं. त्यांचा म्होरक्या वॉल्टर गिब्स. औषधाचं दुकान चालवून निवृत्त झालेला, ह्यांच्याच वयाचा, उंच आणि पाठीत जरासा वाकलेला. आमच्याच रस्त्यावर राहतो. ह्यांना 'चार्ली' म्हणायचा. चारुदत्तचं चार्ली! मला 'मिस अहिल्या' म्हणतो. इकडे दक्षिणेत बाई सत्तरीची झाली तरी मिसच.

वादळ झालं आणि हे हळदीकुंकू मंडळ एकदम कामाचं निघालं. पहिल्या दिवसापासून करवती घेऊन रस्त्यात पडलेली झाडं कापली, उघड्या छपरांवर ताडपत्र्या टाकल्या. आता दर शनिवारी कुणाचं कुंपण उभं कर, कुणाचं भिजलेलं छत पाडून नवं बसव, असं चाललंय. स्वतःच्या घरातलंही ओलं अजून सुकलेलं नाही अशी ही माणसं दुसऱ्याच्या घरात खिळे ठोकत असतात. आमचंही छप्पर त्यांनीच नीट केलं. नंतर. यतीन इथे असताना.

तर थोड्या दिवसांपूर्वी वॉल्टर आला, टोपी हातात धरून. चहा दिला. कप हातात घेऊन बराच वेळ फुंकत बसला. मग म्हणाला, "मिस अहिल्या, मला एक कोडं सुटत नाही. तुम्हा इंडियन लोकांची घरं. मी बेल वाजवतो. दार उघडतात, हसतात. मी विचारतो, काही मदत हवी का? 'नो नो, वी आर फाइन, थँक यू सो मच!' आणि मला आत बोलावून चहा देतात. मी चहा पीत असतो आणि माझ्या डोक्यावर त्यांचं छत लोंबत असतं."

मी बिस्किटांची बशी त्याच्यापुढे सरकवली.

"एका घरी तर वरून थेंब माझ्या कपातच पडला," तो म्हणाला. "बाई 'सॉरी सॉरी' म्हणाल्या आणि कप बदलून दिला. मदत मात्र नकोच."

एरवी मी पोट धरून हसले असते. ह्यांना सांगायला आतल्या खोलीत पळाले असते.

"माझं काहीतरी चुकतंय," वॉल्टर म्हणाला. "काय चुकतंय ते तुम्ही सांगाल का?"

उत्तरा, त्याने विचारल्याबरोबर मला उत्तर ठाऊक होतं. पण मी ते न सांगता त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

ह्यांची ती उपाशी रात्रीची गोष्ट तुला आठवते ना? तुझ्या लग्नात पंगतीत उभं राहून सांगितली होती आणि आपले अण्णा ठसका लागेपर्यंत हसले होते. अमेरिकेत नवे नवे आलेले, साहेबाने घरी जेवायला बोलावलं. साहेबाची बायको बटाट्यांचं भांडं घेऊन आली, "हवेत का?" हे म्हणाले, "नको नको." भांडं पुढे गेलं ते परत आलंच नाही. पाव आला, "नको नको," पावही गेला. केक आला तोही तसाच गेला. हे आपले वाट बघतायत, आता आग्रह होईल, मग होईल. शेवटी पाणी पिऊन घरी आले आणि रात्री कोरडा ब्रेड खाल्ला. "अमेरिकेत भूक लागली असेल तर पहिल्याच खेपेला हो म्हणा," हा त्यांचा धडा. पुण्या-नागपूरहून नवी नवी कॉम्प्युटरवाली पोरं आली की त्यांना जेवायला बोलवायचे आणि हीच गोष्ट सांगून आधी घाबरवायचे, मग आग्रह करकरून वाढायचे. इतकी वर्षं. मला तर ती गोष्ट कुठल्या वाक्याला कोण हसणार इथपर्यंत पाठ होती.

आता ऐक.

वादळ पहाटे डोक्यावरून गेलं. दुपारी वारा पडला तेव्हा आम्ही बाहेर येऊन बघितलं. छपराचा मागचा कोपरा उघडा पडला होता. इथल्या छपरांना कौलांऐवजी डांबरी चकत्या ठोकतात, त्या उडून शेजाऱ्याच्या अंगणात पसरल्या होत्या. आत झोपायच्या खोलीच्या छताला डाग धरायला लागला होता. रेडिओवर सांगत होते, रात्री पुन्हा पाऊस आहे. तेवढ्यात दारावर थाप पडली. वॉल्टर. मागे त्याचा ट्रक, ट्रकात निळ्या ताडपत्र्यांच्या गुंडाळ्या आणि क्लबातली दोन धट्टीकट्टी माणसं.

"चार्ली," तो म्हणाला, "तुझ्या छपरावर एक ताडपत्री टाकून देऊ का?"

हे दारात उभे होते. लेंगा-बनियन, दाढी वाढलेली. म्हणाले, "ओ नो नो, वॉल्टर! वी आर फाइन. तुम्ही कशाला त्रास घेता? दुसऱ्यांना जास्त गरज असेल."

इंग्रजीत म्हणाले, पण सूर अगदी आपल्या ओसरीवरचा. पंगतीत श्रीखंडाच्या पातेल्यावर आडवा हात धरतात ना, तसा. चाळीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं आणि स्वतःच्या उंबऱ्यात उभं राहिल्यावर तोंडून मिरज बाहेर आली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.

वॉल्टर म्हणाला, "ऑल राइट, चार्ली." टोपीला बोट लावलं आणि गेला.

त्याचं काय चुकलं? माणूस नको म्हणाला, तो गेला. त्यांच्यात हाच मान. पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याला खोटं पाडणं.

मी आत आधण ठेवलं होतं. गॅस चालू होता ना. वॉल्टरचा आणि त्या दोघांचाही चहा धरून ठेवलं होतं, कारण माझ्या मनात ते सगळं झालेलंच होतं. हे दोनदा नको म्हणतील, तिसऱ्यांदा म्हणतील "बरं, आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर," मग ती माणसं वर चढतील, मी चहा गाळीन. मी आलं किसत होते तेव्हा ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला.

हे दार लावून आत आले. म्हणाले, "बघितलंस? तोंडदेखलं विचारून गेला."

मी म्हटलं, "आता एवढ्या पाण्याचं काय करू?"

"कर चहा. मी पितो दोन कप."

दोन कप प्यायले. मग गॅरेजमधून शिडी काढली आणि प्लॅस्टिकचा एक जुना कागद. "काही नाही गं, कोपराच तर झाकायचाय," म्हणाले. "अंधार पडायच्या आत येतो." पुढचं तुला ठाऊक आहे.

हे तुला आत्तापर्यंत सांगितलं नाही. यतीनलाही नाही. तो इकडच्याच मातीत वाढलेला, त्याला वाटेल बाबांनी मदत नाकारली. नाकारली नव्हती गं. पण हे त्याला कुठल्या भाषेत सांगू?

तर वॉल्टर समोर बसला होता आणि काय चुकतंय म्हणून विचारत होता. मी म्हटलं, "वॉल्टर, आमच्यात पहिला नको हा नको नसतो. ती नुसती रीत. दुसरा नको म्हणजे तुम्ही मनापासून विचारताय का, ते बघणं. तिसऱ्यांदा विचारलं की मग माणूस खरं बोलतो."

"तीनदा?"

"तीनदा."

तो हसला. मोठ्याने, मान मागे टाकून. हसू अर्धं झालं आणि तिथेच थांबलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मागच्या दाराच्या काचेकडे बघितलं. तिथूनही शिडी दिसत होती.

"चार्लीला मी एकदाच विचारलं," तो म्हणाला.

मी कप उचलले आणि विसळायला नेले.

बराच वेळ तो बाहेर ट्रकमध्ये बसून होता, ट्रक सुरू न करता. वाटलं, जाऊन सांगावं, अरे बाबा, तू दहादा विचारलं असतंस तरी हे चढलेच असते, हट्टी होते. असतेही चढले, कोण जाणे. पण मला ते ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेलं सांगून त्याचं ओझं उतरवायचं बळ माझ्यात नव्हतं. मी कप पुसत राहिले. कोरडे झालेले कपही पुसत राहिले.

पुढच्या शनिवारी सकाळी तो दारात हजर. माझ्या हातात पिवळा टी-शर्ट ठेवला. "चला," म्हणाला, "तुम्ही नुसत्या उभ्या राहा. मी विचारतो." शर्ट एवढा मोठा की मी तो साडीवरून घातला. दिसले असेन एखाद्या रिक्षासारखी.

पहिलं घर राजेश आणि दीपाचं. पुण्याची जोडी, कॉम्प्युटरवाली, तान्हं मूल. ह्यांच्या धड्याला येऊन गेलेली.

"नो नो अंकल, वी आर गुड!" राजेश म्हणाला.

वॉल्टरने घसा साफ केला. "आज आमच्याकडे वेळ आहे, सामानही आहे. काही लागतंय का?"

"नाही, रियली, मी वीकेंडला मॅनेज करतो."

"आज वीकेंडच आहे," वॉल्टर म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. मी एक बोट वर केलं, अजून एकदा.

"सन, मला मदत करायची इच्छा आहे. करू दे."

राजेशने दीपाकडे बघितलं. दीपा मूल कडेवर घेऊन पुढे आली. "काकू, बेडरूमच्या भिंतीला बुरशी आलीय हो. ही रात्रभर खोकते. मी ह्याला कधीची म्हणतेय, कुणाला तरी सांग. तर म्हणतो, यार, लोकांना कशाला त्रास."

"काका काय म्हणायचे रे राजेश?" मी विचारलं. "पहिल्याच खेपेला हो म्हणा."

राजेश खाली बघायला लागला. दीपा घाईघाईने म्हणाली, "या ना आत, चहा ठेवते."

"चहा राहू दे गं बाई. आधी भिंत दाखव."

वॉल्टरने भिंत दाबून दाखवली. बाहेरून रंग जसाच्या तसा, पण बोट लावलं की आत जातं. वरून काहीच कळत नाही. त्या दिवशी सगळे मला म्हणत होते, "यू आर सो स्ट्राँग." स्ट्राँग कसली मेली. मी आपली त्या भिंतीकडे बघत होते.

वॉल्टरला मग तो नाद लागला, सगळ्यांनाच तीनदा विचारायचा. पलीकडे जिम म्हणून म्हातारा आहे, पक्का टेक्सन. त्याला दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाला, "नो म्हटलं ना!" तिसऱ्यांदा विचारलं तर ओरडला, "वॉल्टर, तू बहिरा झालास काय?" आणि जाळीचं दार धाडकन लावून घेतलं. सगळे हसले. मीही तोंड हसल्यासारखं केलं. आपल्या लोकांच्या दारात मात्र तिसऱ्या खेपेला काही ना काही निघतंच. कुणाचं छत, कुणाचं कुंपण. एका वीणाताईंना तर काही नको होतं, नुसतं कुणीतरी बसायला हवं होतं. तिथे मला बसवलं. दोघी बसलो. त्या वादळाच्या रात्रीचं सांगत होत्या, मी ऐकत होते. काय सांगितलं ते आता आठवत नाही.

हे सगळं मी चांगल्या मनाने करते असं समजू नकोस. घरी बसलं की घड्याळ ऐकू येतं, एवढंच.

काल काम संपल्यावर वॉल्टरने मला दारापर्यंत सोडलं. मी किल्ली काढत होते. तो पायरीखाली उभा राहून म्हणाला, "मिस अहिल्या, तुम्हाला काही हवंय?"

"नो नो, वॉल्टर. आय ॲम फाइन."

तो गेला नाही. मी किल्ली लावली. मागून पुन्हा आवाज आला, "काही हवंय?"

"काही नको रे बाबा," मी म्हटलं. अर्धं मराठीतच. आणि मला कळलं की तो काय करतोय. मान वर करून बघायचं धैर्य होईना. त्याच्या बुटांना लागलेल्या पांढऱ्या चुन्याकडे बघत राहिले.

त्याने टोपी काढली. हळू आवाजात म्हणाला, "मिस अहिल्या. काही हवंय?"

"शिडी," मी म्हटलं.

मराठीत. इंग्रजी शब्द आठवलाच नाही. इतकी वर्षं इथे काढली, टीव्ही बघून बघून भाषा शिकले, आणि तेवढा एक शब्द कुठे सापडेना. त्यानेही विचारलं नाही काय म्हणून. घराला वळसा घालून मागे गेला.

मी हात लावायला पुढे झाले तर त्याने लावू दिला नाही. एकट्यानेच उचलली, आडवी केली, ट्रकवर ठेवून दोरीने बांधली. मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं लावलं, इथे तसा नियम आहे. मग विचारलं, क्लबात वापरली तर चालेल का? मी म्हटलं, वापरा. हे मी पहिल्याच खेपेला म्हटलं.

रडू आलं नाही. येईल असं वाटलं होतं. आत जाऊन भात लावला, दोघांचाच.

आज सकाळी स्वयंपाकघरातला पडदा सरकवला. शिडी होती तिथे गवतात दोन पिवळे डाग पडलेत, पाय टेकले होते तेवढेच. गवत आहे, येईल भरून. सूर्य थेट ओट्यावर येतो, ते मी विसरूनच गेले होते. त्या उजेडातच हे लिहिते आहे.

यतीनला मी हे सगळं सांगणार आहे, पण एकटीने जमणार नाही. शेजारी कुणीतरी मिरजेचं बसलेलं हवं, ज्याला त्या 'नको नको'चा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

दिवाळी आठवड्यावर आली. आम्हाला यंदा सण नाही. तुमच्याकडे मुलांसाठी करा, काही कमी करू नका. अनिलरावांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आणि उत्तरा, तू विचारलंस "येऊ का," मी "नको" म्हटलं, आणि तू "बरं" म्हणालीस. तू तर अण्णांच्या पंगतीत वाढलेली. तुलाही कसं कळलं नाही गं? का मी इतक्या कोरड्या आवाजात म्हटलं की तुला ते खरंच वाटलं?

तो माझा पहिला होता. हे पत्र पोचलं की फोन कर आणि पुन्हा विचार. दुसऱ्यांदाही मी नकोच म्हणेन, सवयीने. तिकडे लक्ष देऊ नकोस.

तिसऱ्यांदा विचारशील त्याची वाट बघत असलेली,
तुझी
अक्का